तुम्ही विचारलंत म्हणून: संडास आहे, मग बायका काजूच्या बागेत का जातात?

मे महिन्यात कोकणात गावी आलेले चाकरमानी हे हमखास विचारतात. स्वच्छ भारतचे 12,000 मिळाले, चिऱ्याचा संडास उभा राहिला, तरी बायका पहाटे बाहेर का? आणि ‘सवय, दुसरं काय!’ असं उत्तरही स्वतःच देऊन टाकतात.

असेल थोडी सवय. मीही पूर्वी तेच म्हणायचे. म्हाताऱ्या माणसांबद्दल आजही म्हणेन. पण आधी आत बसवलेलं भांडं बघा. बहुतेक वेळा ते शहरातल्या फ्लॅटमधलं असतं. उतार कमी, ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवणाऱ्या खालच्या वाकड्या नळीत, 5 सेंटीमीटर पाणी उभं. आठ-दहा लिटर ओतल्याशिवाय साफ होत नाही. ग्रामीण भांड्याचा उतार 25 ते 28 अंश, ट्रॅपमध्ये पाणी 2 सेंटीमीटर. दीड-दोन लिटरमध्ये काम भागतं. दिसायला दोन्ही सारखीच पांढरी. गवंडी दुकानात मिळेल ते उचलतो, पैसे पुरुष देतो, पाणी कोण वाहणार हे कुणी विचारत नाही.

आता हिशेब करा. घरात 5 माणसं, दिवसाला एकेकदाच धरा. पहिल्या भांड्याला 50 लिटर, म्हणजे 15 लिटरचे तीन हंडे भरून वर एक कळशी. दुसऱ्याला 10 लिटर, एक हंडाही नाही. विहीर पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, खाली, तळाला गेलेली, आणि हंडा हिच्या डोक्यावर. तीन हंडे वाचवायला ती बाहेर जाते, यात अडाणीपणा कुठे आला?

भांडं बदला म्हटलं, तर नवी लादी फोडायला कुणी तयार नसतं.

‘एवढा पाऊस पडतो की!’ पडतो, पण इथला जांभा, म्हणजे भोकाभोकांचा तांबडा दगड, तो धरून ठेवत नाही. शिवाय पावसाळ्यात याच जांभ्याच्या भोकांतून संडासाच्या शोषखड्ड्यातलं पाणी न गाळता विहिरीत उतरतं. त्यावर उपाय आहे: खड्ड्याचा तळ काँक्रीटने बंद करायचा, भोवती अर्धा मीटर जाडीची वाळू भरायची, विहिरीपासून किमान 10 मीटर लांब खणायचं. दोन खड्डे असतील तर वाय चेंबरमधलं, म्हणजे मैला दोन खड्ड्यांकडे वळवणाऱ्या टाकीतलं, एक तोंड बंदच ठेवायचं, नाहीतर दोन्ही एकदम भरतात आणि उपसायला सुकलेला खड्डा उरत नाही.

हे सगळं होण्यासारखं आहे. फक्त भावकीत वाटण्या होऊन चिंचोळ्या झालेल्या घराभोवतीच्या आगरात, इकडे आपली विहीर नि तिकडे शेजाऱ्याची, ते 10 मीटर कुठून काढायचे, यावर माझ्याकडेही उत्तर नाही.