सुई, गोळी आणि नीरा ते बरड

पाडेगावच्या हद्दीत नीरेवर माउलींच्या पादुकांना स्नान होतं आणि पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. आळंदी सोडून आठवडा झालेला असतो, दिवेघाट मागे पडलेला असतो आणि आम्हा शुगरवाल्यांच्या मीटरवर एरवी न दिसणारे आकडे दिसू लागतात. ११०, ९५. मग पंगतीत कुणीतरी म्हणतंच, "माउली, आता कशाला गोळ्या? गेली तुमची शुगर."

गेलेली नसते. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि पुढे कित्येक तास इन्सुलिन एरवीपेक्षा जास्त लागू पडतं. त्यामुळे डोस कमी होतो, औषध सुटत नाही. पटत नसेल तर लोणंदला बघावं. काही वर्षी तिथे मुक्काम एका दिवसाहून जास्त पडतो. पाय थांबतात, पंगती मात्र चालूच, आणि उपाशीपोटीचा आकडा पुन्हा वर सरकतो. वारीत गोळ्या सोडणारे जे चार दिवसांनी कळून घेतात, ते लोणंद एका दिवसात सांगतं.

डोस किती कमी करायचा हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं: कोणत्या आकड्याला किती युनिट, कोणती गोळी अर्धी. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड साखर फार खाली नेऊ शकतात; नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा तसं होत नाही. डापाग्लिफ्लोझिन असेल तर कडक उपास, उलट्या-जुलाब झाले तर काय करायचं हे वेगळं विचारावं. ती गोळी लघवीवाटे साखरेबरोबर पाणीही काढते, आणि पोटात अन्न नसताना रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते जेवणाच्या वेळेत. लोणंदहून पालखी दुपारी हलते, वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. अश्व दौडेपर्यंत रांगेतून हलता येत नाही. सकाळी ३०/७० (जलद आणि संथ मिळून केलेलं इन्सुलिन) घेतलेलं असतं, त्यातलं संथ इन्सुलिन दुपारी जोरात असतं, आणि भाकरी तरडगावला! म्हणून रिंगणाला उभं राहण्याआधी खाऊन घ्यायचं. एरवीही पंगत बसल्याची खात्री झाल्याशिवाय सुई नाही. ताटावर बसून घेता येईल असं इन्सुलिन मिळेल का, हेही निघण्याआधी विचारलेलं बरं. सुई पोटावर घ्यावी. मांडीवर घेऊन लगेच चालू लागलं तर ते लवकर भिनतं.

साखर उतरल्याची खूण एरवी घाम, थरथर, धडधड. वारीत घाम सगळ्यांनाच असतो, आणि रक्तदाबासाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर थरथर-धडधड झाकली जाते. आमच्या दिंडीत खूण वेगळीच ठरली आहे: टाळाचा ठेका चुकू लागला, बोलणं तुटक झालं, माणूस विनाकारण चिडला की त्याला रांगेबाहेर बसवायचं. मीटरवर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, गरज पडली तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर भाकरी किंवा पोळी. शेंगदाण्याचा लाडू आणि चिक्की इथे निरुपयोगी, कारण तेलामुळे साखर सावकाश चढते. व्होग्लिबोझ असलेली गोळी घेणाऱ्याला घरची साखर देऊनही उपयोग होत नाही. ती गोळी साखर फोडण्याचं कामच अडवते. त्याला ग्लुकोजच हवं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवून १०८ ला फोन.

बोटाला गुळाचा किंवा पेढ्याचा अंश राहिला तर आकडा खोटा वर येतो. आधी हात धुवा. लांब चाललेल्या दिवशी, विशेषतः तरडगाव ते फलटण या मोठ्या टप्प्यानंतर, रात्री दोन-तीनला एकदा तपासावं. दिवसभर रिकामे झालेले स्नायू झोपेतही साखर भरून घेत असतात.

इन्सुलिन दिंडीच्या ट्रकमध्ये टाकू नये. ताडपत्रीखाली ते तापतं, आणि ट्रक दुसऱ्या वाटेने पुढे गेलेला असतो. निम्मं आपल्या पिशवीत, निम्मं बरोबर चालणाऱ्या माणसाकडे, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात. बर्फाला चिकटवून ठेवू नये, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. कुपीवर ४० (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) लिहिलेलं असेल तर लाल टोपणाची सिरिंज. पेन बिघडलं म्हणून त्यातलं १०० चं औषध त्याच सिरिंजने ओढलं, तर अडीचपट डोस जातो. जादा पेन किंवा कुपी बरोबर ठेवणं सोपं.

पायांबद्दल आम्ही कुणाचं ऐकत नाही: अनवाणी नाही. बधिर तळव्याला फोडही कळत नाही आणि तापलेलं डांबरही नाही. बूट महिनाभर आधी वापरलेले असावेत. नीरेत पाय भिजले की बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच मोजे. संध्याकाळी आरशात तळवा बघायचा. फोड फोडायचा नाही. फलटणला विमानतळाच्या मैदानावर तळ पडला की शेजारचे प्रेमाने मीठ घातलेलं कढत पाणी पुढे करतात. ते नाकारायचं, बधिर पाय त्यात भाजतो आणि उठल्यावर कळतं.

बरडचा मुक्काम जिल्ह्यातला शेवटचा. तोवर वापरलेल्या सुयांची जाड प्लॅस्टिकची बाटली निम्मी भरलेली असते. ती झाकण घट्ट लावून घरापर्यंत न्यायची आणि दवाखान्यात द्यायची. तंबूच्या कडेला सुई टाकायची नाही. त्याच मातीतून पहाटे काकड्याला शेकडो अनवाणी पावलं जातात, आणि पालखी गेल्यावर शेताच्या मालकाची बैलं.