पालुपद शेवटी पेटीशिवाय उचललं गेलं

गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी मागायच्या, प्रार्थनेत पाचही विनंत्यांनंतर मंडळीने पालुपद आपणहून उचललं. माझी बोटं पट्ट्यांवर नुसती टेकलेली होती, भाता मिटलेला. जुलैपासून ज्याच्या मागे लागले होते ते झालं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना रचना ठाऊक आहेच. विनंती बोलून वाचायची आणि तिच्या शेवटी सगळ्यांनी एक ओळ गायची: ‘ऐक दयाळा, आमुचे मागणे’. भूप रागातली साधी चाल, पट्टी (म्हणजे ‘सा’ धरायची जागा) पेटीची काळी एक. ढोलकी पहिल्याच महिन्यात बाजूला ठेवली, कारण भजनी ठेका सुरू झाला की प्रार्थना वाचणारे काका ठेक्याच्या मागे धावायला लागायचे.

अडलं होतं ते सुरावर. पहिल्या विनंतीला मंडळी बरोबर लागायची, दुसरीला किंचित खाली, आणि पाचवीला मी पेटी दाबली की अंगावर काटा यायचा. ट्यूनरवर पाहिलं तर सगळे काळी एकवरून जवळजवळ पांढरी एकवर आलेले. पुरा अर्धा स्वर! प्रत्येक विनंतीआधी पेटीवर सूर दिला तर पट्टी टिकते, हे मलाही कळत होतं. पण तेवढ्या दोन-तीन सेकंदांत लोक डोळे उघडतात, खाकरतात, ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक चाळायला लागतात. नुकतंच कुणाच्या आजारपणासाठी मागितलेलं असतं आणि आपण एकदम ‘आता गाणं’ असं जाहीर केल्यासारखं होतं. आजाऱ्यांच्या नावांची चिठ्ठी वाचून झाल्यावर तर ते मला अजिबात सहन होत नव्हतं.

मग आधार सूर धरून पाहिला. इलेक्ट्रॉनिक तानपुरा प्रार्थनेखाली हळू लावला, तर तारांच्या प्रत्येक छेडीबरोबर लक्ष हलायचं. घरच्या रियाजाला माझ्या जुन्या रॅडेलच्या तानपुऱ्याइतकं भरवशाचं काही नाही, हे मात्र पुन्हा सांगते. कीबोर्डचा लांब सूर त्याच स्पीकरमधून आला आणि पत्र्याच्या छताखाली वाचणाऱ्याचे शब्दच गिळले गेले. शेवटी पेटीचा नर (वरच्या सुरांचा संच) बंद ठेवून नुसता खर्ज (खालच्या सुरांचा) लावला. ऐकायला गोड, पण काकांचा आवाजही तिथेच, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळून गेले. त्यात एक सूर, म्हणजे पेटीच्या आतली वाजणारी पितळी पट्टी, फुसफुसायला लागला. एका दुरुस्तीवाल्याकडे पेटी टाकली. तीन आठवड्यांनी परत आली ती शेजारचे दोन सूर बेसूर होऊनच. माझे मूळ सूर गुजरातमधल्या पालिताण्याचे आहेत. ते घासण्याआधी त्याने विचारायला हवं होतं. आता सूर काढून ब्रशने साफ करण्यापलीकडचं काम डोळ्यांसमोर बसूनच करून घ्यायचं, असं ठरवलं आहे.

वाट सापडली ती शेजारच्या गावच्या सप्ताहात. वीणेकरी मागे उभा, वीणा सुरूच, पण कीर्तनात मी खरं ऐकलं ते बुवांचं बोलणं. दहा मिनिटं निरूपण झालं आणि शेवटचं वाक्य संपता संपता त्यांचा आवाज सुरावर जाऊन बसला. वाक्य अजून बोलण्यातलंच होतं, पण त्याचं शेवटचं अक्षर षड्जावर (सा) लांबलं आणि टाळकऱ्यांनी अभंग उचलला. पेटीने सूर द्यायची वेळच आली नाही.

नगर भागात ख्रिस्ती कीर्तन एकोणिसाव्या शतकापासून आहे. नारायण वामन टिळकांची पदं आपण दर रविवारी गातो. तरी ही गोष्ट मला इतके दिवस दिसली नव्हती.

घरी येऊन आमच्या उपासनेचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. काका प्रत्येक विनंती संपवताना आवाज खाली सोडतात; बोलताना आपण सगळेच सोडतो. आणि माझं पालुपद सुरू व्हायचं वरच्या पंचमावरून (प)! खाली पडलेल्या आवाजातून लोकांनी एकदम वर उडी मारायची, तीही सूर न देता. चूक त्यांची नव्हती, चालीची होती. त्याच रात्री चाल उलटी केली: षड्जावरून सुरुवात, ‘दयाळा’ला गंधारावरून पंचम, ‘मागणे’ परत रे-सा. प्रत्येक विनंतीच्या शेवटी ‘म्हणून प्रभू, आम्ही विनवतो’ हे ठरलेले शब्द, आणि ‘विनवतो’ षड्जावर. काका म्हणाले, ‘‘मला गाता येत नाही, ताई.’’ मी म्हटलं, ‘‘गाऊ नका, फक्त शेवटचं अक्षर सोडू नका.’’ चार संध्याकाळ आम्ही दोघांनी एवढं एकच अक्षर धरून ठेवलं.

रविवारी पहिल्या विनंतीला थोडी चाचपड झाली. तिसरी आजाऱ्यांसाठीची. नावं संपली, काकांचं ‘विनवतो’ षड्जावर थांबलं आणि तिसऱ्या बाकावरच्या आजींनी डोळे न उघडताच ‘ऐक’ उचललं. बाकीचे त्यांच्या मागोमाग. पाचव्या विनंतीनंतर ट्यूनर पाहिला: साधारण पंधरा सेंट खाली (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट). पेटीशिवाय एवढं म्हणजे मला तरी भरून पावल्यासारखं झालं.

प्रार्थनेत गाणं कशाला, असं विचारणारेही आमच्यात होते. पाळकसाहेबांनी त्यांना प्रेषितांची कृत्ये 16:25 उघडून दाखवलं. पौल आणि सीला मध्यरात्री तुरुंगात प्रार्थना करतात आणि गातात, एकाच ओळीत दोन्ही. त्यानंतर तो विषय निघालेला नाही.

पुढचा बेत स्तोत्र 136 चा. सव्वीस ओळी, प्रत्येकीच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’. अर्धी ओळ बोलायची, अर्धी गायची. सव्वीस वेळा पट्टी टिकली तर ही पद्धत खरी. आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी ते करायचं आणि पुढे उभं राहायला एक एकटी गायिका, असं मनात होतं.

पण हे लिहितानाच एजेरिया आठवली. चौथ्या शतकात जेरुसलेमला गेलेली ही यात्रेकरू तिथल्या सायंकाळच्या उपासनेबद्दल लिहिते: डीकन (उपासनेतला सेवक) एकेकाचं नाव घेतो आणि तिथे उभी असलेली पुष्कळ लहान मुलं दर वेळी ‘किरिये एलेइसोन’ म्हणतात, म्हणजे प्रभो, दया कर. मुलं! आमच्या संडे स्कूलची सात मुलं दर रविवारी पहिल्या बाकावर बसलेलीच असतात. गायिका ठेवली की मंडळी तिचं ऐकत बसेल. मुलं उचलायला लागली की आजोबाही उचलतील. तेव्हा गायिकेचा बेत रद्द.

काळी एक मुलांना जरा खालची पडेल, म्हणून पांढरी तीन करून पाहणार आहे. पालुपद पाच स्वरांतच फिरतं, तेव्हा पुरुषांनाही ते जड जाऊ नये. काकांना मात्र ‘विनवतो’ पुन्हा नव्या षड्जावर बसवावं लागेल. शनिवारी पाचला त्यांना आणि मुलांना एकत्रच बोलावलं आहे.