तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोबॅबिलिटी ऑप्शनला टाकू का?

दिवाळी झाली की हा प्रश्न येतोच, कधी पोरगी स्वतः विचारते, कधी तिची आई फोन करते, की मॅडम ते शक्यतेवरचे शेवटचे दोन चॅप्टर, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन आणि बायनॉमियल, ऑप्शनला टाकले तर चालतील का? मी नागपूरच्या नंदनवन भागात घरीच बारावी सायन्सच्या मॅथ्सची ट्युशन घेते. बोर्डाच्या पुस्तकात हे दोन्ही चॅप्टर भाग दोनच्या अगदी शेवटी आहेत, सातवा नि आठवा, त्यामुळे कॉलेजात तिथवर पोचेस्तोवर प्रॅक्टिकलच्या फाइली पुऱ्या करायची धावपळ सुरू झालेली असते आणि हे दोन दिवसांत गुंडाळलं जातं. मग पोट्ट्यांना वाटतं, अवघड असेल म्हणूनच सर पळाले. अवघड बिवघड काही नाही हो. इंटिग्रेशन करून आलेल्या पोराला इथे गुणाकार, घात आणि एकातून वजाबाकी, बहुतेक गणितांत एवढंच करायचं असतं.

अडतं ते वाक्य वाचताना. मी दहावीपर्यंत मराठी मीडियमची, अकरावीला एकदम सगळं इंग्लिशमध्ये, आणि बारावीच्या प्रिलियमला गणित आलं 'ॲट लीस्ट टू डिफेक्टिव्ह'. लीस्ट म्हणजे कमी, म्हणून मी दोन किंवा दोनहून कमी असं धरलं, शून्य, एक, दोन तिन्ही मांडले, बेरीज केली, आकडेमोड एकदम चोख, आणि पेपर हातात आला तर त्या गणिताला भोपळा. आज माझ्याकडे येणारी दहातली सहा-सात पोरं पहिल्या दिवशी हेच करतात. मराठीत तरी काय वेगळं, 'कमीत कमी' म्हटलं तर कमी हा शब्द दोनदा येतो, पोरगं अजूनच घसरतं. म्हणून मी आता 'निदान' म्हणते. आई म्हणते निदान दोन पोळ्या तरी खा, तेव्हा एक खाल्ली तर चालेल असं कोणाला वाटतं का? दोन, तीन, चार, कितीही, पण दोनच्या खाली नाही. आणि डॉक्टरनं सांगितलं दिवसाला दोनच्या वर चहा नको, की ते झालं 'ॲट मोस्ट टू', त्यात शून्यही बसतो. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा चॅप्टर झाला.

उरलेला अर्धा मी संत्र्यांवर शिकवते. माझे मामा काटोलकडचे, आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी निघणारा, संत्र्यांचा माल कळमन्याच्या बाजारात आणतात. एकदा मी पण गेले होते, सकाळी सकाळी ढिगाशी उभी, एक व्यापारी आला, पाच संत्री उचलली, एक दाबून पाहिलं तर बोट आतच गेलं, झालं, भाव पाडूनच मागितला. मामा दिवसभर एकच बोलत होते, "माह्यं नशीबच फुटकं, नेमकं सडकंच त्याच्या हाती लागलं." मी विचारलं, ढिगात साधारण किती सडके असतील? म्हणाले, "दहात एखादं असतेच ना." मग मी तिथेच पिशवीच्या कागदावर मांडलं. पाचात निदान एक सडकं, म्हणजे एक किंवा दोन किंवा तीन असं पाचपर्यंत मोजत बसायचं नाही, उलटं धरायचं, एकही सडकं नाही याची शक्यता काढायची. एक संत्रं चांगलं निघायची ०.९, पाचही चांगली म्हणजे ०.९ चा पाचवा घात, ०.५९ च्या आसपास. एकातून वजा केलं की उरतात ०.४१. म्हणजे शंभर व्यापारी येऊन पाच-पाच संत्री उचलतील तर एकेचाळीसच्या जवळपास लोकांच्या हाती निदान एक सडकं लागणारच, यात नशिबाचं काय आलं? (काढलेलं संत्रं परत ढिगात टाकत नाहीत, म्हणून पुढच्याची शक्यता जराशी बदलते हे खरंय, पण ढीग एवढा मोठा की त्यानं फरक पडत नाही.)

अट एकच, पाचही संत्री रँडम, म्हणजे न निवडता कुठूनही, उचललेली हवीत. वरचा थर निवडून लावला असेल तर हे गणित गेलं बाराच्या भावात. हे मी मामांना सांगितलं तर म्हणाले, "मंग वरचा थर का कोनी सडका लावते?"

रँडम म्हणजे काय ते मामांना त्यांच्याच वावरात कळलं. सोयाबीनचा पीक कापणी प्रयोग, म्हणजे एक तुकडा कापून उत्पन्न मोजतात तो, त्यांच्या शेतात निघाला होता, कृषी सहायक आले, नैऋत्य कोपऱ्यापासून पावलं मोजली, रँडम नंबर पाहून जागा ठरवली, खुंट्या ठोकून दोरी बांधली. जागा निघाली नेमकी चांगल्या पिकात. मामा मागे मागे, "साहेब इकडं घ्या ना, इथं पाणी साचून पीक बसलं पाहा." कारण विम्याचा पैसा महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या, सरासरी उत्पन्नावर ठरतो, ते कमी आलं तरच मिळतो ना. साहेबांनी जागा हलवली नाही, आणि बरोबरच केलं, प्रत्येक शेतकरी आपल्याला हवा तो तुकडा दाखवायला लागला तर सरासरीला अर्थ काय राहील? पीक कापणीत ही रँडम सॅम्पलिंगची पद्धत आपल्याकडे बसवण्यात १९४० च्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या संख्याशास्त्रज्ञांचं मोठं काम आहे, त्यातले सुखात्मे तर आपल्या सातारा जिल्ह्यातले. पण पोरांना हे नाव सहसा धड्यात भेटत नाही, याचा मला खरंच राग येतो.

तर ऑप्शनला टाकू का? नका टाकू. आठ-दहा दिवस द्या, रोज पाच गणितं, आणि प्रत्येक गणितात आकड्याला हात लावायच्या आधी वाक्य मराठीत मोठ्यानं म्हणा. सूत्र पाठ नसलं तर एक वेळ मी समजून घेईन, वाक्य न वाचता पेन चालवणाऱ्याला मात्र मी वही परत देते.

मागच्या हंगामात मामांनी परत तो कागद काढायला लावला, विचारत होते व्यापाऱ्यानं पाचच्या जागी दहा संत्री पाहिली तर? काढून दिलं, ०.६५, शंभरात पासष्ट. थोडा वेळ कागदाकडे पाहत बसले, मग म्हणाले, "मंग त्याले पाचच पाहू दे बाई, दहाचं सांगजो नको."