आतल्या पानावरची चार नावं

आमच्याकडच्या तिसरीच्या गणिताच्या पुस्तकात आतल्या पानावर चार मुलांची नावं आहेत. वरच्या तीन नावांवर एकेक रेघ मारलेली, चौथं नाव माझ्या लेकीचं. लहानपणी आप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं आणली की मी आधी हेच पान उघडायची. आपल्या आधी हे कुणाकडे होतं, त्याचं अक्षर कसं होतं, हे बघायला. अमेरिकेत सॅक्रामेंटोजवळच्या या गावात तसं पान पुन्हा हाती आलं, तेव्हा खूप बरं वाटलं.

लेकीला आम्ही घरीच शिकवतो. "शाळेत नाही घातलं, मग सरकार काही म्हणत नाही का गं?" असं आई दर फोनला विचारते, म्हणून आधी ते सांगते. कॅलिफोर्नियात यासाठी दोन मुख्य वाटा आहेत. एक म्हणजे घरून शिकणाऱ्या मुलांसाठीच्या सरकारी पैशावर चालणाऱ्या चार्टर शाळेत नाव घालायचं. मुलाच्या पुस्तकांसाठी, क्लाससाठी शाळा ठरावीक रक्कम बाजूला ठेवते, शिक्षिका नियमित भेटून मुलाचं काम बघते. पैसे आपल्या हातात येत नाहीत, आणि त्यातून आलेली पुस्तकं शाळेचीच राहतात. दुसरी वाट म्हणजे दरवर्षी १ ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान राज्याच्या शिक्षण खात्याकडे प्रतिज्ञापत्र भरायचं, की आमचं घर ही खासगी शाळा आहे. हजेरी आणि काय शिकवतो त्याची नोंद घरी ठेवायची. खर्च सगळा आपला.

पहिली दोन वर्षं आम्ही चार्टरमध्ये होतो. भूगोलाचा एक सुंदर संच लेकीने फेब्रुवारीतच संपवला. तोच संच शेजारणीला तिच्या मुलांसाठी हवा होता. तिची चार मुलं, कमावणारा एक, आणि वाट दुसरी. पण पुस्तकावर शाळेचं बारकोडचं लेबल होतं. नियम बरोबरच आहे, लोकांच्या पैशाचा हिशेब ठेवायलाच हवा. तरी भिंतीपलीकडे त्या पुस्तकाची गरज असताना ते आमच्या फळीवर जूनपर्यंत पडून राहिलं, याची हळहळ अजून आहे. पुढच्या ऑक्टोबरात आम्ही प्रतिज्ञापत्र भरलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

आता आम्ही पाच घरं मिळून पुस्तकं फिरवतो. कसली संस्था नाही, वर्गणी नाही. मे महिन्यात एकीच्या दिवाणखान्यात सगळे जमतो आणि जमिनीवर पुस्तकं मांडतो. सिंगापूर पद्धतीच्या गणितात पाठ्यपुस्तक वेगळं आणि वर्कबुक वेगळं असतं. पाठ्यपुस्तक आणि शिक्षकांचं पुस्तक फिरतं. वर्कबुकमध्ये मूल लिहितं, म्हणून ते ज्याचं त्याने नवं घ्यायचं.

ज्याचं त्याने घ्यायचं, हा नियम मी चूक करून शिकले. विज्ञानाची एक पीडीएफ विकत घेतली, आवडली, आणि त्याच संध्याकाळी गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकली. कॉलेजात एकाने पुस्तक आणायचं आणि दहा जणांनी झेरॉक्स काढायची, हे इतकं अंगवळणी पडलेलं की वावगं काही वाटलंच नाही. रात्री एका मैत्रिणीचा फोन आला. गटावर सगळ्यांसमोर ती काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, "पहिलं पान वाच." तिथे लिहिलं होतं, एका कुटुंबासाठी. खाली लेखिकेने स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या: तीही घरीच मुलांना शिकवते, आणि मुलं झोपल्यावर हे धडे लिहिते. मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी फाइल काढून टाकली, सगळ्यांना कारण सांगितलं, आणि लेखिकेला मेल करून उरलेल्या चार घरांचे पैसे भरले. तिने उत्तरात लिहिलं की गटासाठी वेगळा परवाना मिळतो, तोही स्वस्तात. आता आम्ही तोच घेतो.

छापील पुस्तकाचं तसं नाही. विकत घेतलेली प्रत आपली. ती कुणाला द्या, विका, कायदा आड येत नाही. मी पुण्याहून शिष्यवृत्ती परीक्षेची गणिताची पुस्तकं आणते, ती इथल्या दोन अमेरिकन घरांतही फिरतात. पहिल्यांदा आणली तेव्हा धास्ती वाटली होती, कारण भारतीय आवृत्त्यांवर 'भारताबाहेर विक्रीस नाही' असं छापलेलं मी बघितलं होतं. मग सुपत कीर्त्सेंगचा खटला वाचला. थायलंडहून इथे शिकायला आलेला हा मुलगा घरच्यांकडून तिकडच्या स्वस्त आवृत्त्या मागवून विकायचा. जॉन वायली प्रकाशनाने दावा लावला, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला: परदेशात कायदेशीर छापलेली, विकत घेतलेली प्रतही इथे पुढे देता येते.

शनिवारी तिसरीचं गणित पाचव्या घरी जाणार आहे. काल लेक खोडरबर घेऊन पेन्सिलीची उत्तरं पुसत बसली होती. अपूर्णांकांच्या पानावर पोळीचे आठ भाग तिने स्केचपेनने रंगवलेत, ते काही जात नाहीत. "राहू दे," म्हटलं, "पुढच्याला कळेल इथे कोण बसलं होतं." मग तिने पहिलं पान उघडलं आणि पट्टी धरून स्वतःच्या नावावर एक रेघ मारली, रेघेखालचं नाव वाचता येईल अशी.