ऑइलच्या बाटलीत दिसलेली धूळ

सोलापुरातील आमच्या घरापासून सांगोला तालुक्यातील डाळिंबाच्या बागेपर्यंतचा रस्ता बहुतांशी डांबरी आहे; मात्र शेवटचे ९ किलोमीटर मुरमाचे आहेत. आठवड्यातून किमान दोनदा आमची डिझेल गाडी या मुरमावरून जाते. गेल्या वर्षी गाडी थोडे ऑइल खाऊ लागली. ५,००० किलोमीटरमध्ये सुमारे अर्धा लिटर ऑइल वरून घालावे लागे. धूर डोळ्यांना दिसावा इतका नव्हता आणि ओढही कमी झाली नव्हती. एका गॅरेजमध्ये मला सांगण्यात आले की इंजिन खोलून रिंगा, म्हणजे ऑइल वर जाऊन जळू नये म्हणून पिस्टनभोवती बसवलेली कडी, बदलून घ्याव्यात. काम मोठे होते, खर्च मोठा होता आणि निदान केवळ डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहून केलेले होते. सुदैवाने त्याआधीच्या ऑइल बदलीच्या वेळी मी जुन्या ऑइलची तपासणी करून घेतलेली होती. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी पुन्हा एकदा बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवायची असे मी ठरवले.

ऑइल काळे झाले म्हणजे खराब झाले, ही समजूत डिझेल इंजिनाच्या बाबतीत खरी नाही. डिझेल जळताना तयार होणारी काजळी अंगावर घेऊन ती तरंगत ठेवणे, कुठेही साचू न देणे, हे ऑइलचे कामच आहे. त्यामुळे नवे ऑइलही काहीशे किलोमीटरमध्ये काळे पडते. बोटांवर चोळून किंवा वास घेऊन अनुभवी मिस्त्रीला पातळपणा आणि डिझेलची भेसळ यांचा थोडाफार अंदाज येतो. परंतु इंजिनाचा कोणता भाग झिजतो आहे, हे बोटांना कळत नाही. ते धातूंच्या प्रमाणावरून कळते.

या तपासणीची सुरुवात मोटारींपासून झालेली नाही. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेच्या प्रयोगशाळेने १९४६ साली डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या ऑइलमधील धातू मोजून इंजिनातील बिघाड आधीच ओळखण्यास आरंभ केला. तत्त्व तेव्हाचेच आजही आहे. फिरत्या चकतीवर ऑइलचा पातळ थर घेऊन तो विजेच्या ठिणगीत जाळला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देते, आणि त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून दशलक्ष भागांत त्याचे किती भाग आहेत, म्हणजे किती पीपीएम, ते समजते. लोखंड मुख्यतः लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) आणि क्रँक व कॅम या फिरत्या दांड्यांतून येते, ॲल्युमिनियम बहुधा पिस्टनमधून, क्रोमियम रिंगांच्या मुलाम्यातून, तर शिसे, कथील आणि तांबे बेअरिंग व बुश यांच्यातून. सोडियम आणि पोटॅशियम एकत्र वाढले तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ऑइलमध्ये शिरत असल्याची शंका घ्यावी लागते. जस्त, फॉस्फरस आणि कॅल्शियम मात्र ऑइल बनवतानाच त्यात घातलेले असतात. त्यांचे मोठे आकडे पाहून घाबरण्याचे कारण नाही.

नमुना घेण्याची पद्धत मला चूक करूनच शिकावी लागली. माझी अगदी पहिली बाटली मी गॅरेजच्या ट्रेमध्ये उतरलेल्या ऑइलमधून भरली होती आणि ती टाकून द्यावी लागली, कारण त्या ट्रेमध्ये इतर गाड्यांचे ऑइल, जमिनीवरची माती आणि ब्रशने धुतलेल्या सुट्या भागांची घाण हे सगळेच होते. आता मी गाडी अर्धा तास चालवून, ऑइल गरम असतानाच, डिपस्टिकच्या नळीतून नवी कोरी पातळ नळी घालून हातपंपाने १०० मिलिलिटर ऑइल ओढतो. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट खोलूनच नमुना घ्यायचा असेल, तर नटाभोवतीची जागा पुसावी, पहिली धार सोडून द्यावी आणि मधली धार बाटलीत धरावी. बाटलीवर गाडीचे एकूण किलोमीटर, ऑइल किती किलोमीटर चालले आणि मध्ये किती वरून घातले, या तिन्ही गोष्टी लिहिल्या नाहीत तर अहवालातील आकड्यांना अर्थ उरत नाही.

पहिल्या अहवालात, ८,२०० किलोमीटर चाललेल्या ऑइलमध्ये, लोखंड ३१, सिलिकॉन १४, ॲल्युमिनियम ५ आणि क्रोमियम १ पीपीएम होते. दुसऱ्यात, केवळ ६,९०० किलोमीटरनंतर, लोखंड ६८, सिलिकॉन ४१, ॲल्युमिनियम १५ आणि क्रोमियम ६ झाले होते. शिसे आणि तांबे जवळपास होते तिथेच होते, सोडियमही वाढलेले नव्हते आणि १५डब्ल्यू-४० ऑइलचा १०० अंश सेल्सिअसला मोजलेला दाटपणा त्याच्या मर्यादेत होता. लोखंडाचा आकडा किलोमीटरच्या हिशेबात मांडला तेव्हा फरक अधिक ठळक झाला: पहिल्या वेळी हजार किलोमीटरला सुमारे ३.८, दुसऱ्या वेळी ९.९. झीज अगदी सरळ रेषेत वाढत नाही आणि वरून घातलेले ऑइल आकडे खाली ओढते, हे लक्षात घेऊनही अडीच पटींहून मोठा हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता.

केवळ लोखंड पाहिले असते, तर रिंगा बदला म्हणणारा सल्ला बरोबर वाटला असता. मला थांबवले ते सिलिकॉनने. सिलिकॉन नवीन इंजिनात जोडांच्या सीलंटमधून येऊ शकते आणि ऑइलमध्ये फेस होऊ नये म्हणून घातलेल्या द्रव्यातूनही थोडे येते, म्हणून न वापरलेल्या ऑइलचा एक नमुना मी आधीच तपासून घेतला होता. त्यात ते नगण्य होते. आमचे इंजिन जुने, आणि त्यात कुठेही नवे सीलंट लावलेले नव्हते. शिवाय सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियमही वाढले होते, ते साधारण एकास तीन या प्रमाणात. माती आणि मुरूम यांच्या कणांत ही दोन्ही मूलद्रव्ये असतात व त्यांत सिलिकॉन ॲल्युमिनियमच्या काही पट असते. धूळ हवेबरोबर सिलिंडरमध्ये शिरली की ती लायनर आणि रिंगा यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखे काम करते, म्हणून लोखंड आणि क्रोमियम मागोमाग वाढतात. बेअरिंगांचे धातू वाढलेले नसणे या चित्राशी जुळत होते.

एअर फिल्टर काढून पाहिला तर तो स्वच्छ होता आणि त्याची कडही नीट बसलेली होती. मी अहवाल घेऊन आमच्या ओळखीच्या वयस्कर मिस्त्रींकडे गेलो; त्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि फिल्टरच्या डब्यापासून टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे, जाणारा रबरी पाइप सोडवला. खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या पट्टीखाली, बोटाच्या पेराएवढी चीर होती. क्लॅम्प काढल्याशिवाय ती दिसणे शक्य नव्हते. चिरेपासून आतल्या बाजूला पिवळसर बारीक धुळीची एक रेघ गेलेली होती. मामांनी तीवरून करंगळी फिरवली आणि ती माझ्या तळहातावर घासली. कण स्पष्ट खरखरले. ते म्हणाले, “सर, रबर फुटलंय बघा, आतनं माती ओढतंय.” पाइप आणि दोन्ही क्लॅम्प त्याच दिवशी बदलले, ऑइल आणि फिल्टर बदलले, आणि इंजिन खोलले नाही.

जुना ऑइल फिल्टर मात्र मी कापून घेतला. ठिणगीत जाळून मोजण्याच्या या पद्धतीला साधारण ५ ते १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत. एखादे बेअरिंग कपचे उडून तुटत असेल तर त्याचे मोठे कण अहवालात न येताही इंजिन निकामी होऊ शकते. म्हणून फिल्टरच्या कागदाच्या घड्या उलगडून, त्या पिळून, प्रकाशात धरून पाहिल्या. चमकणारा एकही कण नव्हता. अहवालातील ६८ पीपीएम म्हणजे चेंबरमधील सहा लिटर ऑइलमध्ये सगळे मिळून सुमारे एक तृतीयांश ग्रॅम लोखंड. इतक्या अल्प मात्रेवरून इंजिनाची स्थिती कळू शकते याचे मला अजूनही मनापासून आश्चर्य वाटते.

तिसरा नमुना ७,४०० किलोमीटरनंतर घेतला. सिलिकॉन १५, ॲल्युमिनियम ६, लोखंड ३७ आणि क्रोमियम ३. लोखंड हजार किलोमीटरला ५, म्हणजे पहिल्याइतके खाली आलेले नाही. ऑइल बदलताना थोडे जुने ऑइल इंजिनात राहतेच आणि त्याचा काही वाटा या आकड्यांत असणार. पण रिंगांची जी झीज झाली ती झालीच. गाडी आजही ५,००० किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल घेते. ते वाढत नाही, एवढे मी डिपस्टिक पाहून दर पंधरा दिवसांनी वहीत लिहितो आहे. चौथ्या नमुन्याची बाटली आणि कोरी नळी गाडीच्या खणात ठेवलेली आहे, आणि त्या अहवालात मी सर्वांत आधी क्रोमियम पाहणार आहे: ते ३ वरून खाली आले तर रिंगांचा विषय बंद, आणि सिलिकॉन खाली असूनही ते वर गेले तर मामांकडे इंजिन खोलण्यासाठी गाडी लावायची, असे आम्ही दोघांनी आत्ताच ठरवून ठेवले आहे.