नादारीचा अर्ज करण्याआधी जामीनदाराचं बघा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत, उद्यमनगरात, कधी लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं, "दादा, तुम्ही कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला होता म्हणे. सगळं कर्ज सुटलं का? आम्हाला जमंल का?" विचारणाऱ्याच्या घरी वसुलीवाले येऊन गेलेले असतात, हे न सांगताच कळतं. मी आधी उलट विचारतो, जामीनदार कोण हाईत?

माझा शिरोलीत छोटा शेड होता. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं, मशीनिंग करून परत द्यायचं, असं जॉबवर्क. २०१९च्या ऑगस्टात पुरानं हायवे बंद पडला, पुढच्या वर्षी लॉकडाउन आला, आणि ज्या गिऱ्हाइकावर माझं निम्मं काम चालायचं त्यानं बिलं अडकवली ती अडकवलीच. अंगावर मशीनचं कर्ज, पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड आणि एका सहकारी बँकेचं कर्ज होतं. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत जातं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

बरेच जण यूट्यूबवर अमेरिकेचं बघून येतात. तिथली 'चॅप्टर सेव्हन'ची दिवाळखोरी काही महिन्यांत आटोपते आणि क्रेडिट रिपोर्टवर १० वर्षांपर्यंत राहते. आपल्याकडची गोष्ट निराळी. २०१६ची नादारी व दिवाळखोरी संहिता आली खरी, पण तिचा व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. शेडवाला, दुकानदार, पगारदार यांच्यासाठी कोल्हापुरात १९२०चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. मुंबई शहरासाठी १९०९चा वेगळा आहे. आपला कायदा किती जुना, तर देणं ५०० रुपयांचं झालं तरी अर्ज करता येतो.

अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात मी कित्येक तारखांना बसलोय. प्रत्येक धनकोचं (ज्याचं देणं आहे त्याचं) नाव, रक्कम, स्वतःची सगळी मालमत्ता, काही न लपवता लिहून द्यावं लागतं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कोर्टानं नादार, म्हणजे देणी फेडायला असमर्थ, ठरवलं की मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. मात्र अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं यांना हात लागत नाही. माझे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर माझ्यापाशीच राहिले, आणि त्यांच्याच जिवावर मला दुसऱ्याच्या शेडमध्ये पगारी काम मिळालं. नादार ठरल्यानंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय धनकोला नवा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा आदेशही मागता येतो. तसंही, ऐपतच नसलेल्या माणसाला केवळ कर्ज फेडलं नाही म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८०मध्येच सांगून ठेवलंय. रात्री अकराला फोन करून जेलची धमकी देणाऱ्याला हे ठणकावून सांगा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हेही सांगा.

न सुटणाऱ्या गोष्टीही पुष्कळ आहेत. गहाण घरावरचा बँकेचा हक्क तसाच राहतो. सरकारी देणं राहतं. चेक बाउन्सची कलम १३८ची फौजदारी केस थांबत नाही. अर्जाआधीच्या दोन वर्षांत घर बायकोच्या नावे बक्षीस करून दिलं असेल तर तो व्यवहार कोर्ट रद्द करतं.

आणि जामीनदार सुटत नाही. कायद्यात हे स्वच्छ लिहिलंय: कर्जदार मोकळा झाला तरी त्याच्यासोबत बांधला गेलेला जामीनदार मोकळा होत नाही. आपल्या भागात सहकारी बँकेचं नाहीतर पतसंस्थेचं कर्ज म्हणजे दोन जामीनदार आलेच, आणि ते कोण असतात? मेव्हणा, शाळेपासूनचा दोस्त, तालमीतला जोडीदार. माझ्या कर्जाला मेव्हण्याची सही होती. तो झेडपीच्या शाळेत शिक्षक. सहकार कायद्याच्या कलम १०१खाली वसुली दाखला निघाला की बँक कुणाकडं आधी जाईल? शेड बंद पडलेल्या माझ्याकडं, की दर महिन्याला पगार घेणाऱ्या त्याच्याकडं?

वकिलांनी हे सांगितलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पहिला विचार आला की उरलंसुरलं विकून आधी सहकारी बँकेचं भागवावं, मग अर्ज करावा. वकिलांनी अडवलं. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकतं माप दिलं तर रिसीव्हर तो व्यवहार मोडायला लावू शकतो. म्हणजे ज्याला वाचवायचं त्याच्याच दारात पुन्हा वसुली. शेवटी मी मेव्हण्याच्या घरी गेलो आणि वकिलांकडच्या कागदांसकट सगळं त्याच्यापुढं मांडलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दाजी, नोटीस यायच्या आधी तुमच्या तोंडून कळलं. आता बँकेत दोघं मिळून जाऊया." गेलो. बँकेनं त्याच्यापुरते लांब मुदतीचे हप्ते पाडून दिले. माझ्या बायकोनं स्वतःच्या पाटल्या गुजरीत, सराफ बाजारात, मोडल्या आणि भावाला पैसे दिले. त्या तिच्या माहेरच्या, तिचं स्त्रीधन. माझी मालमत्ता नव्हे, म्हणून त्यात कायद्याची आडकाठी नव्हती. तिच्या रिकाम्या हातांकडं बघणं मला फार जड गेलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जामीनदार नाही, गहाण काही नाही, नुसतं कार्ड आणि पर्सनल लोन आहे, आणि ते फेडण्याची शक्यता खरोखर संपली आहे, अशा माणसानं अर्ज करावा, लाजू नये. जामीनदार असेल तर आधी त्याला घेऊन बँकेत जा, लोकअदालतीत तडजोड बसते का बघा. तिथं झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून झेपेल तेवढ्याच रकमेला हो म्हणा.

नादार ठरल्यापासून कोर्ट कर्जातून मुक्त करेपर्यंतचा काळ जपून काढायचा असतो. मी नादार आहे हे न सांगता पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतले तर तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडची वहीसुद्धा बंद. मी त्यांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "उधारी नको तर नको, तुम्ही रोखीनं थोडं थोडं न्या, पाव किलोसुद्धा देतो." त्यांचा मी ऋणी आहे. या काळात निवडणूकही लढवता येत नाही, कंपनीचा संचालकही होता येत नाही. आणि मुक्ततेसाठी वेगळा अर्ज करायला कोर्ट मुदत घालून देतं, ती चुकवली तर नादारीच रद्द होते आणि धनको पुन्हा मोकळे. ती तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहा.

आता सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी. कोर्टाचा मुक्ततेचा आदेश आपोआप तिथं पोहोचत नाही. बँकेनं कळवल्याशिवाय सिबिल काही बदलत नाही, म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत जोडून प्रत्येक बँकेला लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चारही ठिकाणचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. "पाच हजार द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही.

पत वाढते ती सावकाश. मी पगारातून शिल्लक टाकून बँकेत छोटी ठेव केली आणि तिच्यावर कार्ड घेतलं. त्यावर फक्त विजेचं बिल भरतो आणि कार्डाची पूर्ण रक्कम मुदतीआधी चुकती करतो. रिपोर्टमध्ये दर महिन्याच्या भरण्याचा मागचा ३६ महिन्यांचा तक्ता दिसतो. नवा महिना वेळेवर भरला की तक्त्यातला जुना एक महिना मागं पडतो. थकलेल्या खात्याची नोंद मात्र किमान सात वर्षं तिथं असते, हे मनाशी धरूनच चाला.

आणि स्वतःचा रिपोर्ट काढाल तेव्हा जामीनदारालाही त्याचा काढायला सांगा. जामीन राहिलेलं कर्ज त्याच्याही रिपोर्टात असतं. मेव्हण्यानं मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी शैक्षणिक कर्ज मागितलं तेव्हा माझं खातं आडवं आलं. हप्ते पुरे झाल्यावर आम्ही सहकारी बँकेकडून त्याच्या नावानं जामीनमुक्तीचं पत्र घेतलं आणि नोंद दुरुस्त होईपर्यंत मागं लागलो. मुलीचं कर्ज मंजूर झालं. त्यानं माझ्यासाठी भरलेले पैसे कायद्यानं मी आता देणं लागत नाही. कोर्टानं मुक्त केल्यापासून दर पगाराला मी ते त्याला देतोय, अजून काही रक्कम राहिली आहे.