तुम्ही विचारलंत म्हणून: दोन रंगांचा उन्हाळी पुलओव्हर जाड नाही होत?

"ताई, उन्हाळ्यात घालायचा म्हणता आणि वर दोन रंगांचं डिझाइन पण टाकता, मग तो जाड नाही का होत?" हे मला इतक्या जणींनी विचारलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकते. प्रश्न अगदी बरोबर आहे. एका ओळीत दोन रंग विणताना जो रंग त्या टाक्यात नसतो त्याचा दोरा मागून न्यावा लागतो, म्हणजे तेवढ्या भागात कापड दुहेरी होतं आणि दुहेरी कापड गरम होणारच.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडची बेटं आहेत, त्यातल्या फेअर आयल नावाच्या छोट्या बेटावरून या विणीला नाव मिळालं. तिथे थंडी आणि बोचरा वारा, त्यामुळे मागचे दोरे तिथल्या लोकांच्या फायद्याचेच होते, अख्खा स्वेटर गळ्यापासून खालपर्यंत नक्षीने भरून टाकला की ऊब दुप्पट. शिवाय लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात, ते एकमेकांना धरून बसतात, वापरून धुऊन मागचे दोरे कापडाला चिकटून जातात. उन्हाळी पुलओव्हर आपण सुताचा विणतो, आणि सुताचं तसं नाही. सूत गुळगुळीत, ताणलं की लोकरीसारखं परत येत नाही, मागचे दोरे सुटेच राहतात आणि त्यात बांगडी अडकते, अंगठी अडकते. वर सूत जड, लोकरीची घनता १.३ च्या आसपास तर सुताची १.५ च्या वर, म्हणून सुताचा स्वेटर स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो. त्यामुळे तिकडचा अंगभर नक्षीचा पॅटर्न उचलायचा आणि फक्त लोकरीऐवजी सूत घ्यायचं हे मला पटत नाही, कितीही सुंदर दिसला तरी.

मग करायचं काय, तर नक्षी काठाला ठेवायची. आपल्या विदर्भात करवतकाठी साडी आहेच की! भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव इकडे टसर रेशमावर विणतात, काठाचा रंग साडीच्या अंगात करवतीच्या दात्यांसारखा घुसतो. ती मांडणी उन्हाळी पुलओव्हरला इतकी चपखल बसते, कारण खालचा घेर आणि बाहीची कड अंगाला चिकटून नसतात, तिथे हवा खेळते, दुहेरी थर आला तरी जाणवत नाही. पाठ, काख, पोट इथे मात्र साधी एकेरी वीण, तिथे एकही जास्तीचा दोरा नको.

आता आकडे. ४ प्लाय सूत, १० नंबरची म्हणजे ३.२५ मिलीमीटरची गोल सुई, गोल अशासाठी की सुलट बाजू कायम आपल्यासमोर राहते आणि नक्षी दिसत राहते. माझ्या हाताला १० सेंटीमीटरमध्ये २४ टाके आणि ३२ ओळी येतात, तुमचा हात सैल असेल तर कमी येतील, तेव्हा नमुना विणून मोजाच. छाती ९२ सेंटीमीटर, त्यात ८ सैलपणाचे, असा १०० चा घेर म्हणजे २४० टाके. एक दाता ६ टाक्यांचा, म्हणजे बरोब्बर ४० दाते. दात्याच्या पहिल्या दोन ओळींत ५ टाके काठाच्या रंगाचे आणि १ अंगाचा, पुढच्या दोन ओळींत ३ आणि ३, शेवटच्या दोन ओळींत १ आणि ५, की झालं टोक. मागून जाणारा दोरा जास्तीत जास्त ५ टाक्यांचा, जेमतेम २ सेंटीमीटर, त्याला मध्ये अडकवायचीही गरज नाही. आणि प्रत्येक पायरी दोनदा का, तर विणीचा टाका चौकोनी नसतो, रुंद जास्त आणि उंच कमी असतो, आलेख कागदावर टोकदार दिसणारा दाता विणला की चपटा होतो. दोनदा घेतला की अडीच सेंटीमीटर रुंद आणि जवळपास दोन उंच, नीट करवतीसारखा.

एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही. दोन दोऱ्यांपैकी जो खालून येतो त्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि तोच रंग उठून दिसतो. म्हणून दात्यांचा रंग कायम खालून आणि अंगाचा वरून, मध्येच अदलाबदल केली तर त्या ओळीत दाते फिके दिसतात. तेवढ्या पट्ट्याला सुई ९ नंबरची, म्हणजे थोडी जाड घ्या, सूत ताणत नाही म्हणून मागच्या दोऱ्यांनी घेर आखडतो.

छातीवर एकच मोठं कमळ वगैरे हवं असेल तर मागून दोरा नेऊच नका, प्रत्येक रंगाचा छोटा वेगळा गुंडा करा आणि जिथे रंग बदलतो तिथे दोन दोरे एकमेकांत अडकवा. करवतकाठीत काठाचा आणि अंगाचा दोरा वेगवेगळ्या धोट्यांनी विणून असेच एकमेकांत गुंतवतात. हे मात्र गोल सुईवर गोल विणता येत नाही, कारण ओळ संपली की त्या रंगाचा दोरा पलीकडच्या टोकाला राहतो, तेव्हा पुढची बाजू वेगळी, गोल न विणता सरळ जाऊन-येऊन विणायची.

घालायचा कधी, तर मे महिन्यात नागपुरात भर दुपारी ४५ डिग्रीत नक्कीच नाही. ऑफिसच्या एसीत, रात्रीच्या रेल्वेत, फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी, तिथे लोकर नकोशी होते आणि नुसता कुर्ता पुरत नाही.

लाल किंवा निळा काठ पांढऱ्यावर घेणार असाल तर आधी नमुन्याचा तुकडा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ओला ठेवा, रंग उतरला तर ते सूत घेऊ नका. आणि धुतल्यावर दोरीवर टांगायचा नाही, ओलं सूत फार जड होतं, लांबी वाढते, चटईवर आडवा पसरून सावलीत वाळवा.